डाव्या नळीतला झेंडू

बाळासो मिस्त्री चिंध्या मोजतो, यावर भांडगावापासून वरवंडापर्यंत सगळ्यांनी हसून घेतलेलं आहे. सोलापूर हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. गाडी उघडली की आत किती चिंध्या गेल्या, किती पाने, किती बोल्ट, ते तो खडूनं फरशीवर लिहितो आणि काम संपलं की तेवढंच बाहेर आलं का ते बघतो. एक जरी कमी भरलं तरी गाडी हलू देत नाही. एका ट्रॅक्टरवाल्याला त्यानं एका चिंधीपायी दुपारभर बसवून ठेवलं आणि शेवटी चिंधी निघाली मिस्त्रीच्याच खिशात. लोकांनी ‘काखेत कळसा आन् गावाला वळसा’ म्हणून टिंगल केली. बाळासो म्हणाला, "वळसा पडला तरी चालंल. कळसा गाडीत ऱ्हायला नगं."

ही सवय त्याला रांजणगावला लागली. बारा वर्षं त्यानं तिथल्या एका कारखान्यात पत्रा वाकवला. मशीन उघडली की आत गेलेली हत्यारं खडूनं लिहून मोजायची, अशी तिथली शिस्त होती. पत्र्याला कुठं दाबलं की कुठं उठतो, हे त्याला डोळे मिटून कळायचं. पुढं शिफ्टचा कंटाळा आला, घरच्या फुलशेतीला माणूस लागत होता, म्हणून तो भांडगावला परतला. सकाळी झेंडूच्या वाफ्यात, दहानंतर गॅरेजात. बायको सारिका म्हणायची, यांच्या अंगाला एका बाजूनं फुलांचा वास आणि दुसऱ्या बाजूनं ग्रीसचा.

अशा या मोजून-मापून जगणाऱ्या माणसाकडे मोनाली आपली गाडी घेऊन आली. मोनाली म्हणजे वरवंडच्या हौसराव आप्पांची थोरली मुलगी. आप्पा म्हणजे मोठी बागायत, चार ट्रॅक्टर आणि साखर कारखान्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस. घरीदारी सगळे त्यांना आप्पाच म्हणत. त्यांचे चारही ट्रॅक्टर बाळासोच्या हाताखालून जात आणि आप्पांचे ट्रॅक्टर जिथं जातात तिथंच मागोमाग बाकीच्यांचे जातात. मोनाली लहान असताना बापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून गॅरेजात यायची आणि पाने हातात घेऊन हे कशाचं, ते कशाचं विचारत बसायची. पुढं ती इंजिनिअर झाली, रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीत लागली. साठवलेल्या पगारातून तिनं एक जुनी, दोन सीटची, बुटकी निळी स्पोर्ट्‌स कार घेतली. गावानं तोंडात बोटं घातली. आप्पांनी आठवडाभर तोंड फिरवलं. पण पोरगी त्यांच्याच हट्टाची होती.

शिरूरच्या पलीकडं माळावर कुणीतरी गाड्या पळवायचा ट्रॅक बांधला होता. महिन्यातल्या एखाद्या रविवारी पुण्याहून, नगरहून हौशी लोक तिथं यायचे. मोनालीही जायची.

"मामा, चार फेऱ्या झाल्या की ब्रेक मऊ पडतात," ती म्हणाली. "पेडल खाली जातं. जळका वास येतो."

बाळासोनं चाक काढून ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं. "तापतंय. घाटात उसाचा ट्रक तापतो तसंच. याला गार हवा पायजे."

"तेच म्हणते. बंपरमधून हवा घ्यायची आणि पाईपनं थेट डिस्कवर न्यायची. डक्ट बसवायचे. कराल?"

बाळासोनं असलं काम कधी केलं नव्हतं. पण पत्रा होता, पाईप होता, हवा होती. न जमायला काय झालं? त्याला तर त्या आठ दिवसांत नवऱ्यामुलाचं तेज चढलं होतं. बंपरच्या दोन्ही कडांना धुक्याचे दिवे होते, ते काढून त्यानं तिथं हवेची दोन तोंडं केली. प्रत्येक तोंडाला तीन इंची, उष्णता सोसणारा, कड्याकड्यांचा लवचीक पाईप जोडला. मोनाली त्याला डक्ट म्हणायची, तो नळी म्हणायचा. नळी न्यायची कुठून, हाच खरा प्रश्न होता. पहिल्यांदा त्यानं ती चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या खालून नेली. टायरला चुन्याची बोटं ओढली, स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि नळीवर पांढरा पट्टा उमटलेला बघितला. म्हणजे टायर घासतोय. मग वरून नेली. ते जॅकवर ठीक वाटलं, पण जॅकवरची गाडी खोटं बोलते, चाक लोंबतं राहतं. म्हणून त्यानं गाडी खाली घेतली, पुढच्या भागावर खताच्या चार गोण्या टाकल्या, पुन्हा स्टिअरिंग वळवलं, पुन्हा चुना बघितला. तिसऱ्या खेपेला नळी स्वच्छ राहिली.

शेवटच्या टोकाला त्यानं पत्र्याचं एक नरसाळं वाकवून डिस्कच्या आतल्या अंगाला बसवलं. हवा डिस्कच्या तोंडावर मारायची नाही, पोटात घालायची. डिस्क फिरली की ती आपोआप कडेनं बाहेर फेकते आणि सगळीकडून सारखी गार होते. तोंडावर मारली तर एक बाजू गार, एक तापलेली, आणि डिस्क तडकायची. हे त्याला मोनालीनं सांगितलं आणि ते त्याला एका वाक्यात पटलं. अडचण राहिली ती डाव्या बाजूची. तिथं काच धुवायच्या पाण्याची टाकी आडवी येत होती, त्यामुळं डाव्या नळीला एक अरुंद वळण द्यावं लागलं. उजवीला ते नव्हतं.

"तोंडाला जाळी लावूया का मामा? काही आत जाऊ नये म्हणून."

"जाळीनं हवा कमी व्हती. आन् टर्‍याकवर काय गुरं चरत्यात व्हय? नगं जाळी."

हे त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं. मिस्त्रीचा शब्द होता.

मग दसरा आला. दसऱ्याला गॅरेजात उभी असलेली एकही गाडी बाळासो हाराशिवाय सोडत नाही. घरचा झेंडू, घरचा दोरा, हार स्वतः ओवतो. पान्यांची पूजा, जॅकची पूजा, मग गाड्यांची. ट्रकला पुढं गार्ड असतं, ट्रॅक्टरला जाळी असते, हार बांधायला जागाच जागा. या निळ्या गाडीचं नाक मात्र साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. हार अडकवायचा कशाला? बाळासोनं एक टोक उजव्या नळीच्या तोंडात खोचलं, दुसरं डाव्या. वाऱ्यानं पडू नये म्हणून दोन बोटांनी चांगलं आतपर्यंत ढकललं. गाडी अशी काही देखणी दिसली की सारिकानं फोटो काढला.

खडूनं फरशीवर त्यानं काही लिहिलं नाही. फुलं का कुणी मोजतं? फुलं देवाची.

रविवारी सकाळी मोनाली गाडी न्यायला आली. हार बघून खूश झाली, पण म्हणाली, "मामा, हा काढायला लागंल. ट्रॅकवर काही लोंबतं चालत नाही."

बाळासोनं हार ओढला. उजवं टोक अलगद निघालं. डावीकडं दोरा तुटला. त्यानं वाकून नळीच्या तोंडात बोट घातलं. बोटाच्या पेराला फुलाची पाकळी लागली, मऊ, गार. आणखी आत काही होतं. बंपर सोडवून नळी काढली असती तर वीस मिनिटांचं काम होतं. पोरीला घाई नव्हती. ती सारिकाच्या हातचा चहा पीत ओट्यावर बसली होती.

"निघालं का सगळं?" तिनं विचारलं.

आता इथं बाळासोला शिव्या घालाव्याशा वाटतात, पण त्याच्या मनात काय होतं तेही सांगायला पाहिजे. दसऱ्याचा हार गाडीवरून पुरता काढू नये, तो आपोआप वाळून गळावा, अशी आपल्याकडची रीत. ट्रकवर दिवाळीपर्यंत वाळके हार लोंबताना दिसतात ते उगाच नाही. पोरगी एकटी शंभर-सव्वाशेच्या वेगानं पळवणार. देवाचं थोडं काही गाडीत असलेलं बरं. चार फुलं तर आहेत, वाऱ्यानं उडून जातील. शिवाय, खरं सांगायचं तर, आठ दिवस खपून बसवलेली नळी पुन्हा उकलायचा त्याला कंटाळा आला होता. भक्ती किती आणि आळस किती, हे त्याला आजही वेगळं करता येत नाही.

"निघालं," बाळासो म्हणाला.

त्या दिवशी सहाव्या फेरीला, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी मोनालीनं ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, गाडी उजवीकडं झटकली आणि रचलेल्या टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं. सीटचा पट्टा आणि टायरांची भिंत होती म्हणून एवढ्यावर भागलं.

संध्याकाळी क्रेननं गाडी बाळासोच्या दारात आणून टाकली. मोडलं होतं उजवीकडं, म्हणून बघायला आलेले सगळे उजवीकडंच बघत होते. बाळासो एकटा डावीकडं गेला. चाक काढलं. डावी डिस्क तापून निळी पडली होती, उजवी नेहमीसारखी. त्यानं नळी सोडवली आणि त्या अरुंद वळणात बोट घातलं. झेंडूचा गच्च बोळा बसला होता. हवेनं फुलं उडवून लावली नव्हती, वळणात नेऊन ठासली होती. डावीकडं हवा गेलीच नव्हती. डावा ब्रेक तापला, त्यातलं तेल उकळलं, तो ढिला पडला. उजवा तेवढा धरला, म्हणून गाडी उजवीकडं ओढली गेली.

बाळासो फरशीवर बसला. "मीच केलं," तो स्वतःशी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

बोळा फेकून द्यायला त्याचा हात धजावला नाही. पूजेची फुलं कचऱ्यात टाकत नाहीत, ती निर्माल्य, पाण्यात सोडायची. त्यानं ती एका चिंधीत बांधली आणि बोल्टच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी कालव्यावर सोडायला गेला. काठावर उभं राहून चिंधीची गाठ सोडली आणि तशीच पुन्हा बांधून घेऊन आला. फुलं वाहून गेली की आपली चूक वाहून जाईल, आणि ती तशी जाऊ द्यायची आपल्याला लाज वाटत नाही, याचीच त्याला भीती वाटली. मग रोज ती चिंधी डब्यात आणि तो डबा डोळ्यांसमोर. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच.

तो भेटायला गेला तेव्हा मोनाली ओसरीवर हात गळ्यात अडकवून बसली होती.

"मामा, तुमचं काम एक नंबर होतं," ती म्हणाली. "मीच ब्रेक उशिरा मारला. कळलंच नाही मला."

बाळासो सांगणार होता. देवाशपथ सांगणार होता. तेवढ्यात तिच्या आईनं चहा आणला, आप्पा आले, आणि तो ‘काळजी घे पोरी’ म्हणून उठला. गॅरेजच्या वाटेवर त्यानं स्वतःला समजावलं की आज नको, तिचं दुखणं ओसरू दे.

दुखणं ओसरलं, पण गावाचं तोंड सुरू झालं. गाडीचं नाव निघालं की लोक म्हणत, पोरीनं ठोकली. बायकांना कशाला पाहिजेत असले खेळ? आप्पांनी लाडावून ठेवली. बाळासो ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या हे ऐकायचा. एक दिवस गेणबा ड्रायव्हर बाकड्यावर बसून म्हणाला, "बाईमाणसाचा पाय ब्रेकवर न्हाई, देवावर आसतो. देव आला तर गाडी थांबती." बाकडं खदखदून हसलं.

आणि ट्रॅक्टरखाली बाळासोही हसला.

का हसला ते त्याला कळलं नाही. सगळे हसले म्हणून हसला असेल. पण ते हसू त्याच्या तोंडाला ग्रीससारखं चिकटलं, कितीही पुसलं तरी जाईना. फुलांची चूक एका सकाळची होती. हे हसू मात्र त्यानं जाणूनबुजून, पोरीच्या पाठीमागं, तिच्या मोडक्या गाडीशेजारी हसून घेतलं होतं.

दिवाळी झाली. मोनालीचं प्लॅस्टर निघालं. ती कामावर जायला लागली, पण पूर्वीसारखी घरच्या गाडीनं नाही. चौफुल्यापर्यंत आप्पा सोडत आणि तिथून ती न्हावऱ्याच्या रस्त्यानं रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसनं जाई. सारिकाला तिची आई बाजारात भेटली होती. म्हणाली, "स्टिअरिंगला हातच लावत न्हाई पोरगी. म्हनती, माझा भरवसा मलाच न्हाई."

ते ऐकून बाळासो ताटावरून उठला.

दोन दिवसांनी हौसराव आप्पा स्वतः गॅरेजात आले. उसाचा हंगाम सुरू झाला होता, हायवेवरून ट्रॉल्या चालल्या होत्या. आप्पांनी निळ्या गाडीला काठी टेकवली. "बाळासो, ही हाय तशी इकून टाक. गिऱ्हाईक बघ. डोळ्यांसमोर नगं मला."

बाकड्यावर कुणी नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं बाळासोला वाटलं. त्यानं डब्यातली चिंधी काढली, आप्पांपुढं सोडली आणि सगळं सांगितलं. हार, तुटलेला दोरा, बोटाला लागलेली पाकळी, ‘निघालं’ म्हणालो ते. "आप्पा, पोरीची चूक न्हवती. माझी व्हती. ट्रॅक्टर दुसरीकडं न्या, चार माणसांत मला जोडं मारा. पर चूक माझी व्हती."

आप्पांनी काठीच्या टोकानं फुलं जरा हलवून बघितली. मग त्यांनी विचारलं, "कुणाला बोललाइस?"

"न्हाई."

"मग बोलू नगंस."

बाळासोला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आरं, जे झालं ते बरंच झालं म्हनायचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "हात जुळला. आता बसनं जाती, बसनं येती. सांजच्याला घरात आसती. तिची आई सुखानं दोन घास खाती. मी सांगून सांगून थकलो, पोरीनं ऐकलं न्हाई. ते तुझ्या चार फुलांनी केलं. देवानंच ठिवली म्हन तिथं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं ट्रॅक्टर हितंच येतील, काळजी करू नगंस." आणि जाता जाता बाळासोच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

आता बाळासो सुटला होता की नाही? पोरीच्या बापानं माफ केलं, वर देवाच्या नावावर खपवून दिलं. गिऱ्हाईक राहिलं, अब्रू राहिली. माणसाला आणखी काय पाहिजे? बाळासोनं त्या दिवशी महिन्याभरानं पोटभर जेवायचं ठरवलं आणि जेवताना सारिकाला सगळं सांगितलं. तिलाही तो आजवर बोलला नव्हता.

सारिकानं भाकरी तव्यावरच ठेवली. फिरून नवऱ्याकडं बघितलं.

"हार मी बी बघितला व्हता. फोटो मीच काढला. तुमी मला सुदिक बोलला न्हाई?"

"आप्पांनी माफ केलं आता."

"आप्पांनी केलं. पर हात कुनाचा मोडला? निघालं का म्हून कुनी इचारलं व्हतं? आप्पांनी?"

तव्यावरची भाकरी करपली. दोघांनीही ती उलटली नाही.

सकाळी साडेसहाला बाळासो पिकअप घेऊन चौफुल्यावर उभा होता. आप्पा मोनालीला सोडून वळले, तसा तो रस्ता ओलांडून तिच्याकडं गेला. तिच्या खांद्याला डब्याची पिशवी, मनगटाला पट्टा. त्याला बघून ती हसली. "मामा? इकडं कुठं सकाळी सकाळी?"

त्यानं प्रस्तावना केली नाही. चिंधी तिच्या हातात दिली. "तुझ्या डाव्या नळीतनं निघालं. दसऱ्याचा हार. तू इचारलं व्हतंस निघालं का सगळं. मी निघालं म्हनलो. निघालं न्हवतं. आन् मला ठाऊक व्हतं."

मोनालीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं क्वालिटीवाल्यांसारखे प्रश्न विचारले, एकामागून एक.

"कुठल्या वळणात?"

"टाकीपाशी. अरुंद व्हतं ते."

"डाव्या डिस्कचा रंग?"

"निळी पडली व्हती. उजवी चांगली."

"नळी पूर्ण बंद?"

"गच्च."

बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मोनालीनं त्याला हातानं जा म्हटलं. बस गेली.

"पंचेचाळीस दिवस," ती म्हणाली. आता तिचा आवाज बदलला. "पंचेचाळीस दिवस मी डोळे मिटले की तोच रस्ता दिसतो मामा. कुठं ब्रेक मारायला पाहिजे होता ते मोजते. वीस मीटर आधी? तीस? मोठ्या साहेबांनी मला नव्या मशीनची तपासणी दिली, मी नको म्हणाले. म्हटलं, जिला आपल्या पायाखालचं कळत नाही, तिनं दुसऱ्याचं काय तपासायचं? आणि तुम्ही माझ्या ओसरीवर चहा पिऊन गेलात!"

बाळासोनं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं की सांगितलं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही.

"अजून कुणाला माहीत आहे?"

हा प्रश्न येईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सारिकाचं नाव सांगून सुटता आलं असतं. बाप-लेकीत कशाला काडी घालायची, असंही त्याच्या मनात आलं. मग त्याला ‘निघालं’ हा शब्द आठवला. तोही असाच, बरं म्हणून, जिभेवर आला होता.

"सारिकाला. आन्... आप्पांना. काल सांगितलं."

"काल?" तिनं आपल्या मनगटाच्या पट्ट्याकडं बघितलं. "आत्ता सोडून गेले. वाटेत गव्हाचं बोलत होते. काय म्हणाले ते काल?"

"बोलू नगं म्हनले."

मोनाली बसथांब्याच्या कट्ट्यावर बसली. फुलांनी जे केलं नव्हतं ते या दोन शब्दांनी केलं. तिनं ओढणीत तोंड घातलं आणि ती रडली. बाळासो तिच्यासमोर उभा राहिला. जवळ जावं की नाही कळेना. आपण खरं बोलून तिला आणखी एक जखम दिली, आणि ती द्यायला आपणच लायक माणूस होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं. "आप्पांशी मी बोलेन. ते माझं काम. तुमचं काम वेगळं आहे. गाडी अजून आहे ना?"

"हाय. तशीच हाय."

"चला. चावी द्या पिकअपची."

"हात?"

"द्या म्हणते ना."

तिनं पिकअप चालवली. चौफुल्यावरून हायवेला लागताना समोर उसाची ट्रॉली आडवी आली, तेव्हा तिचा पाय ब्रेकवर गेला. बाळासो शेजारी बसून तिच्या पायाकडं बघत होता. पाय वेळेत गेला. मऊ, पुरा आणि वेळेत. तिनंही ते पाहिलं.

गॅरेजसमोर बाकडं भरलेलं होतं. गेणबा चहाचा कप घेऊन बसला होता. मोनाली पिकअपमधून चालकाच्या बाजूनं उतरली, तशी सगळ्यांची बोलणी थांबली. तिनं चिंधी फरशीवर सोडली आणि खडू उचलून बाळासोच्या हातात दिला.

"मोजा."

बाळासो गुडघ्यांवर बसला. वाळलेला बोळा त्यानं हलक्या हातानं सोडवला. दोऱ्यातून एकेक फूल काढलं आणि ओळीत मांडलं. बाकडं वाकून बघत होतं. कुणी विचारायच्या आधीच तो मान वर न करता बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ही डाव्या नळीत व्हती. मी ठिवली. त्यानं ब्रेक गेला. पोरगी ब्रेकवर व्हती, ब्रेकच न्हवता. आन् तुमी हसला तवा मी बी हसलो." मग त्यानं पुढं मोजलं. चौदा भरली. त्यानं फरशीवर चौदा लिहिलं.

गेणबानं कप खाली ठेवला.

"ही बाहेर आलेली," मोनाली म्हणाली. "आता आत किती गेली होती ते लिहा."

बाळासोनं खडू फरशीला टेकवला. बारा वर्षं रांजणगावात आणि सोळा वर्षं या फरशीवर, त्याच्या खडूला असा आकडा कधी अडला नव्हता. खडू तिथंच राहिला.

"मोजली न्हवती, पोरी," तो म्हणाला.